लायकेन ऊर्फ दगडफूल: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंजनेरीच्या वाटेवर, पांडवलेणीच्या पायऱ्यांवर किंवा अंगणातल्या आंब्याच्या खोडावर पांढरे, करडे, नारिंगी डाग सगळ्यांनाच दिसतात, पण ते काय आहेत याबद्दल पाच जणांची सहा मतं असतात. पावसाळी भटकंतीत हमखास येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वर्गीकरण आणि रसायनांचा भाग मुद्दाम ऐसपैस लिहिला आहे, कारण लायकेनची खरी ओळख तिथेच पटते. नुसत्या रंगरूपावर ओळखायला गेलात तर ते हमखास चकवतं.

लायकेन म्हणजे शेवाळ, बुरशी की झाड?

झाड नक्कीच नाही. मूळ, खोड, पान, फूल यातलं काही त्याला नसतं. शरीर बुरशीचं असतं आणि त्या शरीरात बहुधा एकपेशीय हिरवं शैवाल किंवा नीलहरित जीवाणू राहतात. ते उन्हात साखर तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा बुरशीला मिळतो. बुरशी निवारा देते, पाणी धरून ठेवते, कडक उन्हापासून आडोसा करते. पाठ्यपुस्तकात याला शैवाक म्हणतात, किराणा दुकानात दगडफूल.

ब्लेडने पातळ उभा काप घेऊन कॉलेजातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर रचना स्पष्ट दिसते. वर बुरशीच्या तंतूंचं घट्ट आवरण, त्याखाली हिरव्या गोल पेशींचा अरुंद पट्टा, मग सैल तंतूंचा पांढरा गाभा आणि पानासारख्या लायकेनमध्ये तळाला काळी साल. या काळ्या सालीतून बारीक धागे निघालेले असतात. लोक त्यांना मुळं समजतात, पण त्यांचं काम फक्त पकडून ठेवण्याचं. पाणी आणि खनिजं लायकेन सगळ्या अंगानेच शोषून घेतं.

मग भिंतीवरचं हिरवं बुळबुळीत आणि घाटातल्या झाडांवरचं नारिंगी, तेही लायकेनच का?

नाही. पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर चढतं ते शैवाल, नीलहरित जीवाणू किंवा मॉस. इगतपुरी, त्र्यंबककडे ओलसर खोडांवर आणि भिंतींवर गंजासारखा नारिंगी थर दिसतो, ते बहुतेक वेळा ट्रेंटेपोहलिया नावाचं शैवाल असतं. गंमत म्हणजे ते हिरव्या शैवालांच्या गटातलंच आहे. नारिंगी रंग त्यातल्या कॅरोटीन द्रव्यांचा. एकटं असताना ते लायकेन नव्हे, पण उष्ण प्रदेशातल्या असंख्य लायकेनच्या पोटात हेच शैवाल असतं. तसं लायकेन नखाने हलकं खरवडलं की क्षणभर पिवळसर नारिंगी छटा दिसते.

ओळखायची सोपी खूण म्हणजे कडा. लायकेनला बहुधा ठरलेली कड असते, ते गोलाकार पसरतं आणि कोरड्या दिवसांतही जागचा हलत नाही. शैवालाचा थर उन्हाळ्यात वाळून पावडर होतो. अपवाद आहेत, पण दहातल्या नऊ वेळा ही खूण चालते.

आंब्याच्या खोडावर पांढरे चट्टे आलेत. बागेला धोका आहे का? फवारणी करू का?

हा प्रश्न पिंपळगाव, दिंडोरी, निफाडकडून सर्वांत जास्त येतो, आणि त्यामागची काळजी रास्त आहे. उत्तर मात्र सरळ आहे: हा रोग नाही. बांडगूळ झाडाच्या आत मुळी घुसवून रस ओढतं, लायकेन तसं काही करत नाही. ते मेलेल्या बाहेरच्या सालीवर नुसतं बसलेलं असतं. अन्न त्याचं स्वतःचं, पाणी पावसाचं आणि दवाचं.

‘पण अशक्त झाडावरच जास्त दिसतं’ असं शेतकरी सांगतात, आणि निरीक्षण बरोबर आहे. फक्त कारण आणि परिणाम उलटे लावले जातात. झाड खुरटलं की पालवी विरळ होते, खोडावर ऊन पोचतं, साल लवकर फुगत नाही, आणि सावकाश वाढणाऱ्या लायकेनला निवांत जागा मिळते. म्हणजे झाड आधी आजारी पडलेलं असतं. खोडकिडा, मुळांची कूज, पाण्याचा निचरा हे तपासा. चट्टे धुऊन काढण्यात पैसे घालवू नका.

द्राक्षाच्या जुन्या खोडावर लायकेन फारसं दिसत नाही. एक तर वेलाची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते, त्यामुळे बस्तान बसत नाही. दुसरं म्हणजे मोरचूद. तांबं लायकेनला सोसत नाही आणि बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद अधिक चुना. पेरू आणि निलगिरीची साल सारखी निघते, म्हणून तिथेही कमीच. आंबा, जांभूळ, चिंच यांची साल टिकाऊ, तिथे गर्दी.

मसाल्यातलं दगडफूल हेच का?

हो, पण एकच जात नव्हे. बाजारातल्या पुडीत पार्मोट्रेमा वंशातल्या जाती मुख्य असतात, सोबत हायपोट्रेकायना सिऱ्हाटा नावाची अरुंद फितींसारखी जात, कधी रामालिना किंवा अस्नियाचे तुकडे. माल मोठ्या प्रमाणावर हिमालयातून येतो. कुमाऊँ-गढवालात त्याला झूला म्हणतात आणि तो मुख्यतः झाडांच्या सालीवरून काढला जातो. तमिळ स्वयंपाकात हाच कल्पासी, उत्तरेत छरीला किंवा पत्थरफूल. काळा मसाला करताना दगडफूल निवडायला बसलात की सालीचे तुकडे, मॉसचे धागे हाताला लागतातच. ते वेचून टाकायचे.

तुकडा उलटा करून पाहा. वरची बाजू राखाडी-पांढरी, खालची काळी आणि कडेकडेने तपकिरी, गुळगुळीत. ती कडेची तपकिरी पट्टी रुंद आणि धागे नसलेली असेल तर हातात बहुधा पार्मोट्रेमा आहे. कच्च्या तुकड्याला मातीसारखा मंद वास असतो. तेलात परतल्यावरच तो खुलतो. जाळलं की कडू, हे डंक्यावर मसाला कुटून घेणाऱ्या कुठल्याही काकूंना विचारा.

बुरशी पोटात जाते हे ऐकून कसंतरी होतं. खाणं बंद करावं का?

पावात यीस्ट असतं. मसाला करा.

ट्रेकला गेल्यावर दगडावरचं खरवडून आणलं तर चालेल?

नको. खाण्यासाठी तर नकोच. कुठली जात आहे हे डोळ्यांनी ठरत नाही, आणि लायकेन हवेतले जड धातू साठवून ठेवतं. रस्त्याकडेच्या दगडावरून काढलेलं तर ताटात येऊच नये. अंजनेरी, ब्रह्मगिरी, साल्हेर परिसरात वनखात्याच्या जमिनी आहेत, तिथून परवानगीशिवाय काही उचलणं बेकायदा. शिवाय तळहाताएवढा तुकडा वाढायला कित्येक वर्षं लागतात. फोटो काढा.

वर्गीकरण नेमकं कशाच्या आधारावर करतात? दोन जीव असताना नाव कुणाचं?

नाव बुरशीचं. वनस्पती, शैवाल आणि बुरशींच्या नामकरणाची जी आंतरराष्ट्रीय संहिता आहे तिचा नियमच तसा आहे: लायकेनला दिलेलं नाव त्यातल्या बुरशीला लागू होतं. आतल्या शैवालाचं नाव वेगळं, वर्गीकरण वेगळं. ट्रेबॉक्सिया हे सर्वांत जास्त आढळणारं हिरवं शैवाल, उष्ण प्रदेशात ट्रेंटेपोहलिया, नीलहरितांपैकी नॉस्टॉक.

इथवर यायला वेळ लागला. १७५३ साली लिनेअसने सगळी लायकेनं एकाच वंशात कोंबली होती आणि त्यांच्याकडे फारसं लक्षही दिलं नाही. त्याचाच शिष्य एरिक अकारियस याने त्यांची नीट विभागणी केली. १८०३ च्या त्याच्या ग्रंथापासून लायकेनशास्त्र हा स्वतंत्र विषय झाला. तरीही सगळे लायकेनला एकच वनस्पती समजत होते. १८६० च्या दशकात सायमन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘हा एक जीव नाही, बुरशी आणि शैवाल मिळून झालेला आहे’ असं मांडलं, तेव्हा मोठमोठ्या तज्ज्ञांनी त्याची टिंगल केली. त्यात विल्यम नायलँडरही होता. मजा अशी की लायकेन ओळखायच्या रासायनिक चाचण्या याच नायलँडरने शोधल्या. त्याच्याबद्दल पुढे पुन्हा येईलच.

आज जगभरात सुमारे २०,००० जाती मानल्या जातात. त्यातल्या जवळपास सगळ्या धानीकवक म्हणजे ॲस्कोमायसिटीस गटातल्या, मूठभर छत्र्यांच्या गटातल्या म्हणजे बॅसिडिओमायसिटीस. ज्ञात बुरशींपैकी साधारण पाचवा हिस्सा लायकेन करून राहतो. मात्र हा हिस्सा एकाच घराण्यातला नाही. लायकेन होण्याची सवय बुरशींनी उत्क्रांतीत अनेकदा, स्वतंत्रपणे लावून घेतली आणि काहींनी पुढे ती सोडलीसुद्धा. म्हणून ‘लायकेन’ हा शब्द कुळाचं नाव नव्हे, जगण्याच्या पद्धतीचं नाव आहे.

मग खपलीसारखे, पानासारखे, झुडुपासारखे हे प्रकार खोटे का?

खोटे नाहीत, पण नातं सांगत नाहीत. खपलीसारखं लायकेन दगडाला किंवा सालीला असं चिकटतं की दगड फोडल्याशिवाय सुटत नाही. पानासारखं कडेने सुटं असतं, नखाने उचलता येतं. झुडुपी लायकेन उभं राहतं किंवा लोंबतं. बारीक खवल्यांचे, नुसत्या पावडरचे असेही प्रकार आहेत. मैदानात वही काढून नोंद करायला ही विभागणी उत्तम. पण डीएनए पाहिल्यावर एकाच कुळात तिन्ही आकार निघतात. पार्मेलिएसी कुळात पानासारखी पार्मोट्रेमा आहे आणि दाढीसारखी लोंबणारी अस्नियाही आहे.

नाशिकजवळ सहज पाहता येईल असं एक कुळ म्हणजे ग्राफिडेसी. जांभळीच्या किंवा आंब्याच्या फिक्या सालीवर काळ्या बारीक वाकड्या रेघा दिसतात, कुणी टाकाने काहीतरी खरडल्यासारख्या. त्या रेघा म्हणजे बुरशीची फळं. दहापट भिंगातून पाहिलं तर प्रत्येक रेघेला दोन ओठ आणि मधे चीर दिसते. बीजाणू तिथूनच बाहेर पडतात. पश्चिम घाटातल्या या अवघड, खपलीदार लायकेनवर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखिजा यांनी मोठं काम केलं. देशपातळीवर लखनौचे धरणीधर अवस्थी यांचं नाव आदराने घेतलं जातं.

दोनच जीव असतात हे नक्की का? तिसराही सापडला असं वाचलं.

२०१६ मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या ब्रायोरिया वंशाच्या लायकेनमध्ये बॅसिडिओमायसिटीस गटातलं यीस्ट दाखवून दिलं. कोडं असं होतं की एक जात तपकिरी आणि खाण्याजोगी, दुसरी पिवळी आणि विषारी, पण बुरशी आणि शैवाल दोन्हींत तेच. फरक यीस्टच्या प्रमाणात दिसला. नंतरच्या अभ्यासांत हे यीस्ट सगळ्या लायकेनमध्ये नसतं हेही पुढे आलं, त्यामुळे ‘दोनाचं तीन झालं’ ही बातमी थोडी जपूनच सांगावी. बाकी लायकेनच्या अंगावर जीवाणूंची मोठी वस्ती असते यात वाद नाही.

लायकेनमध्ये कोणती रसायनं असतात?

हजाराहून जास्त वेगवेगळी संयुगं आजवर सापडली आहेत आणि त्यातली बरीचशी निसर्गात दुसरीकडे मिळतच नाहीत. ती बनवते बुरशी, कच्चा माल म्हणजे साखर पुरवतं शैवाल. पेशीत साठवून न ठेवता बुरशी त्यांचे बारीक स्फटिक तंतूंच्या बाहेरच्या बाजूवर जमवते. पाण्यात ती फारशी विरघळत नाहीत, म्हणून पावसात वाहूनही जात नाहीत.

बनण्याचे मार्ग तीन. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा ॲसिटेट-मॅलोनेट मार्ग. यातून ऑर्सेलिनिक आम्लासारखी लहान वलयं बनतात आणि दोन-तीन जोडून डेप्साइड तयार होतात. लेकॅनोरिक आम्ल हे त्याचं सोपं उदाहरण, ऑर्सेलिनिकची दोन वलयं एस्टर बंधाने जोडलेली. वलयांमध्ये आणखी एक जोड पडली की डेप्सिडोन. सॅलॅझिनिक आम्ल त्यातलं. अस्नियाचा पिवळट हिरवा रंग देणारं अस्निक आम्ल आणि दगडावरचा नारिंगी पॅरिएटिन हेही याच मार्गाचे. दुसरा शिकिमिक आम्लाचा मार्ग, त्यातून व्हल्पिनिक आम्ल, कॅलिसिन असे झगझगीत पिवळे रंग. सावलीतल्या खोडावर हळद सांडल्यासारखी पावडर दिसली तर ते क्रायसोथ्रिक्स असू शकतं. तो रंग याच गटाचा. तिसऱ्या, मेव्हॅलोनिक मार्गातून टर्पीन आणि स्टेरॉइड.

कुठलं रसायन कुठल्या थरात हेही ठरलेलं असतं. वरच्या आवरणात ॲट्रॅनोरिन, अस्निक आम्ल, पॅरिएटिन. ही उन्हातले घातक किरण अडवतात, आतल्या शैवालाला वाचवतात. गाभ्यात लेकॅनोरिक, सॅलॅझिनिक वगैरे. ती गोगलगायी आणि किड्यांना कडू लागतात, जीवाणूंना आवर घालतात आणि पाणी झिडकारून गाभ्यात हवा खेळती ठेवतात.

रसायनावरून जात कशी ओळखतात? घरी करून पाहता येईल?

येईल, आणि करून पाहाच. नायलँडरने १८६६ मध्ये दोन चाचण्या सांगितल्या, त्या आजही तशाच वापरतात. के चाचणी म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा साधारण दहा टक्के द्राव. सी चाचणी म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, अर्थात कपड्यांचं साधं ब्लीच.

किराणा दुकानातून आणलेल्या दगडफुलाचा रुंद तुकडा घ्या. ब्लेडच्या टोकाने वरचा राखाडी थर अगदी हलका खरवडा, खालचा पांढरा गाभा उघडा पडला की थांबा. टूथपिकच्या टोकाने ब्लीचचा बारीक थेंब तिथे ठेवा आणि भिंगातून बघत राहा. गाभा लगेच लालभडक झाला तर त्यात लेकॅनोरिक आम्ल आहे आणि हातात बहुधा पार्मोट्रेमा टिंक्टोरम. रंग काही क्षणांतच उडतो, त्यामुळे नजर काढू नका. दुसऱ्या तुकड्याला काहीच झालं नाही, पण के द्रावाने गाभा आधी पिवळा आणि मग रक्तासारखा लाल झाला, तर सॅलॅझिनिक आम्ल. ते पार्मोट्रेमा रेटिक्युलेटममध्ये आणि अरुंद फितींच्या हायपोट्रेकायनामध्ये असतं. एकाच पुडीत दोन्ही निकाल मिळाले तर नवल वाटू देऊ नका.

दगडावरच्या नारिंगी डागाला के लावला आणि तो जांभळा झाला तर रंग पॅरिएटिनसारख्या अँथ्राक्विनोनचा. अशा डागांत कॅलोप्लाका वंशाची शक्यता जास्त.

यामागचं कारण साधं आहे. वलयावर दोन हायड्रॉक्सिल गट एक जागा सोडून मोकळे असले की ब्लीच लाल रंग देतं. अल्डिहाइड गटाशेजारी हायड्रॉक्सिल असेल तर अल्कली पिवळा ते लाल. म्हणजे थेंब टाकून आपण रेणूचा आकारच वाचत असतो. तिसरी, पी चाचणी जपानच्या यासुहिको असाहिना यांनी आणली, पण त्यातलं पॅराफिनिलिनडायअमिन विषारी असल्याने ती प्रयोगशाळेपुरतीच ठेवा. पक्की ओळख पातळ थर क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगवेगळी करून दाखवणाऱ्या पद्धतीने होते. चिचिता कल्बरसन यांनी १९७० च्या सुमारास तिची पद्धत बसवून दिली आणि जगभरचे लायकेनवाले आजही तीच वापरतात.

सावधगिरी: ब्लीच आणि ॲसिड कधी एकत्र करू नका, डोळ्यांना चष्मा लावा, आणि थेंब टाकलेला तुकडा परत मसाल्याच्या डब्यात टाकू नका. हसू नका, असं होतं.

लायकेन औषधी असतं का?

आयुर्वेदात शैलेय नावाने दगडफुलाचा उल्लेख आहे. अस्निक आम्ल जीवाणूंना मारतं हेही प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं. पण तेच अस्निक आम्ल वजन कमी करायच्या गोळ्यांत घातलं गेलं तेव्हा अमेरिकेत लोकांची यकृतं खराब झाली आणि २००१ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. व्हल्पिनिक आम्ल तर सरळ विष. युरोपात ते असलेलं पिवळं लायकेन लांडगे मारायला वापरत. मसाल्यात चिमूटभर ठीक. काढे करून पिऊ नका.

शाळेतला लिटमस कागद लायकेनपासून होतो हे खरं?

खरं. समुद्रकिनाऱ्यावरच्या रोसेला वंशाच्या लायकेनवर अमोनिया, अल्कली आणि हवा यांची दीर्घ प्रक्रिया केली की तो रंग मिळतो. रोसेला माँटॅग्नी ही जात भारताच्या किनारी भागात आहे. नाशिकला ती शोधू नका, तिला खारी हवा लागते.

लायकेन जगात कुठे कुठे सापडतं?

जिथे दुसरं फारसं काही टिकत नाही तिथे तर नक्कीच. अंटार्क्टिकात स्थानिक फुलझाडं फक्त दोन, लायकेनच्या जाती ४०० च्या घरात. उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात क्लॅडोनियाची गादी पसरलेली असते आणि रेनडिअर हिवाळ्यात तीच चरतात. अटाकामाच्या वाळवंटात पावसाचा पत्ता नसतो, तिथे धुक्यावर भागतं. २००५ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेने लायकेन अवकाशयानाच्या बाहेरच्या बाजूला, उघड्या अंतराळात ठेवलं. सुमारे दोन आठवड्यांनी परत आल्यावर ते प्रकाशसंश्लेषण करू लागलं.

याचं रहस्य पाण्याशी लायकेनच्या वागण्यात आहे. ते पाणी राखायचा प्रयत्नच करत नाही. हवा कोरडी झाली की तेही वाळतं, जवळजवळ सगळं काम थांबवतं आणि ओल मिळाली की मिनिटांत जागं होतं. मे महिन्यात पांडवलेणीच्या तापलेल्या कातळावरचं लायकेन मेलेलं नसतं. बाटलीतल्या पाण्याचे चार थेंब शिंपडून बघा, राखाडी रंग बघता बघता हिरवट होतो. आवरण ओलं झाल्याने पारदर्शक होतं आणि खालचं शैवाल दिसू लागतं.

भागीदार कोण यावरही वाटणी ठरते. हिरवं शैवाल असलेलं लायकेन नुसत्या दमट हवेवर काम सुरू करू शकतं. नीलहरित जीवाणूवाल्याला मात्र प्रत्यक्ष पाणीच लागतं. म्हणून दुसऱ्या प्रकारचं, ओलं झाल्यावर काळपट जेलीसारखं होणारं लायकेन पाणी झिरपणाऱ्या जागांजवळ शोधावं.

भारतात तीन हजारांच्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत. सर्वांत समृद्ध पट्टे हिमालय आणि पश्चिम घाट.

आणि नाशिक जिल्ह्यात?

नाशिकची मजा ही की पावसाचा उतार एका जिल्ह्यात दिसतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, नाशिक शहरात सात-आठशेच्या आसपास, मालेगाव-येवल्याकडे पाचशेच्या घरात. लायकेन त्याच उताराने बदलतं. पश्चिमेला त्र्यंबक, हरसूल, इगतपुरीच्या घाटमाथ्यावर झाडांच्या सालीवर पानासारखी लायकेनं आणि ग्राफिडेसीची अक्षरं. पूर्वेकडे जाऊ लागलात की पानदार कमी होतात, उघड्या बेसाल्टवर घट्ट चिकटलेल्या खपल्या उरतात. दाढीसारखं लोंबणारं अस्निया मनसोक्त पाहायचं तर महाबळेश्वरकडे किंवा हिमालयात जा.

दगडाचंही महत्त्व आहे. आपला सगळा डोंगर बेसाल्टचा, चुनखडीवर वाढणाऱ्या जातींना इथे नैसर्गिक जागा नाही. पण घराच्या गच्चीचं सिमेंट, जुन्या वाड्याच्या भिंतीतला चुना त्यांना चालतो. म्हणून पंचवटीतल्या जुन्या भिंतीवर आणि शेजारच्या काळ्या दगडावर वेगवेगळी मंडळी दिसू शकतात. उत्तरेकडच्या सावलीच्या बाजूला आणि दक्षिणेच्या उन्हाच्या बाजूलाही फरक पडतो. एकच मोठी शिळा चारही बाजूंनी फिरून पाहा.

लायकेन आहे म्हणजे हवा शुद्ध, बरोबर?

अर्धं बरोबर, आणि अर्धं बरोबर असलेली गोष्ट जास्त घोटाळा करते. नायलँडरनेच १८६६ मध्ये लिहिलं की पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत दिसणारी लायकेनं शहरात इतरत्र नाहीत. कारण गंधकाचा धूर. लायकेनला पानांसारखं मेणचट आवरण नसतं, हवेतलं सगळं थेट आत जातं. १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी इंग्लंड-वेल्ससाठी शून्य ते दहा अशी लायकेनवरून सल्फर डायऑक्साइड मोजायची पट्टी दिली. पुढे तिथली हवा सुधारली तशी लायकेनं परतली.

पण ती पट्टी नाशिकला लावू नका, जातीच वेगळ्या आहेत. पिक्सिन कोकोस ही जात भारतातल्या गजबजलेल्या रस्त्यांकडेच्या झाडांवरही आरामात राहते. शेणखत, धूळ, अमोनिया यांनी काही जाती उलट फोफावतात. म्हणून ‘आहे की नाही’ याऐवजी ‘कुठल्या जाती, किती प्रकारच्या’ हे पाहायचं. कॉलेज रोडवरचा आंबा आणि गंगापूर धरणाकडचा तेवढ्याच जाडीचा आंबा यांच्या खोडांवर छातीच्या उंचीला सारखीच चौकट धरून मोजणी करा, फरक स्वतःच दिसेल.

साठवण्याची ही सवय कुठवर जाते याचं उदाहरण चेर्नोबिल. १९८६ च्या अपघातानंतर स्कँडिनेव्हियातल्या लायकेनमध्ये किरणोत्सारी सीझियम साठलं, ते रेनडिअरच्या मांसात उतरलं आणि सामी पशुपालकांचं उत्पन्नच संकटात आलं.

मंदिरं आणि लेण्यांवरचं लायकेन घासून काढावं का?

तुम्ही-आम्ही तर मुळीच नाही. लायकेनचे तंतू दगडाच्या भेगांत काही मिलिमीटर शिरतात, ओलं-कोरडं होताना फुगतात-आकसतात. त्यांच्यातलं ऑक्झॅलिक आम्ल दगडातल्या कॅल्शियमशी संयोग पावून ऑक्झलेट बनवतं. त्यामुळे हळूहळू झीज होते हे खरं. पण तारेच्या ब्रशने एका दुपारी होणारं नुकसान त्याहून मोठं, कारण खपलीबरोबर दगडाचा पापुद्राही निघतो आणि नक्षीची धार जाते. पांडवलेणी, सिन्नरचं गोंदेश्वर ही संरक्षित स्मारकं आहेत. तिथे काय काढायचं हे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी ठरवायचं. उत्साही मंडळांच्या गडस्वच्छता मोहिमेतही प्लॅस्टिक उचला, शिलालेखांना हात लावू नका.

डागाच्या आकारावरून दगडाचं वय सांगता येतं का?

काही ठिकाणी येतं. रोलँड बेशेल यांनी १९५० मध्ये आल्प्समध्ये ही पद्धत मांडली. रायझोकार्पॉन जिओग्राफिकम ही पिवळी-हिरवी जात वर्षाला मिलिमीटरपेक्षाही कमी वाढते, त्यावरून हिमनदी कधी मागे हटली ते काढतात. पण आधी त्या भागातला वाढीचा दर वय माहीत असलेल्या दगडांवर बसवून घ्यावा लागतो. गडावरचा डाग दाखवून ‘हा शिवकालीन’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पाहायला कधी जावं, काय न्यावं?

पावसाळा ओसरताना, सप्टेंबर ते नोव्हेंबर. भर पावसात सगळं हिरवंच दिसतं आणि कातळ निसरडे असतात. दहापट भिंग, पाण्याची फवारणीची बाटली, सहा इंची पट्टी आणि फोन पुरे. फोटो तीन काढा: दुरून पूर्ण डाग, पट्टी ठेवून जवळून आणि भिंगातून फळं. कुठल्या झाडावर किंवा दगडावर, कुठल्या दिशेला हे तिथेच लिहून ठेवा, घरी आल्यावर आठवत नाही. एवढं असलं की निदान वंशापर्यंत पोचता येतं. पुढे जातीसाठी रसायनांची तपासणी लागते, आणि नुसत्या फोटोवरून जात सांगणाऱ्या ॲपवर या बाबतीत भरवसा ठेवू नका.